लहान पुडीचा प्रश्न

सरांची छत्री नेहमी उलटी उघडायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाखाली ती धरायची, झाडाला दोन टपल्या मारायच्या आणि छत्रीत काय काय पडलं ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचं, हा त्यांचा बारमाही उद्योग. पाऊस आला की छत्री मिटून बगलेत आणि स्वतः चिंब. नवी असताना मी एकदा विचारलंच, की सर, छत्री असून भिजता कशाला? तर म्हणाले, "छत्री वल्ली झाली त किडे चिपकतेत मॅडम. माह्यं काय, मी वाळतो."

ते कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मी संगणक शिकवणारी, कंत्राटी. बुलडाणा जिल्ह्यातलं एक कृषी महाविद्यालय. नेमकं कुठलं ते सांगत नाही, कारण आमचे तेव्हाचे प्राचार्य अजून ठणठणीत आहेत आणि हाती लागेल ते वाचतात. चिखलीहून एसटीत बसलं की अर्ध्या तासात आमचा फाटा यायचा, एवढं पुरे. नवऱ्याची बदली चिखलीला झाली म्हणून मी पुण्याहून आलेली, आणि आले तेव्हा माझं नाक बरंच वर होतं. शिकलेला माणूस, डॉक्टरेट झालेला माणूस, वर्गात उभा राहून "मले सांगा बे" म्हणतो याचं मला आधी हसू आलं आणि नंतर राग. हे कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

त्यांच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी असायची. सर बिडी-सिगारेट काही ओढत नसत. चहा समोर आला की ते काडेपेटी काढून टेबलावर ठेवत आणि बोटाने हळूच उघडत. आत एखादी अळी. "पाहा, काय साजरी हाय," असं म्हणून ते ती पेटी तुमच्या बशीशेजारी सरकवत. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी सापडायची, ती यामुळे.

आमची खरी गाठ पडली ती व्हिडिओच्या कामात. विद्यापीठाकडून पत्र आलं, की तासांचं चित्रण करा, ते महाविद्यालयाच्याच सर्व्हरवर ठेवा आणि विद्यार्थ्यांना आवारात कुठेही बसून बघता येईल अशी सोय करा. तेव्हा आमच्याकडे इंटरनेटची एकच लाइन होती. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मेल उघडला की बाकी सगळ्या कॉलेजचं नेट बसायचं. काम माझ्या गळ्यात पडलं, आणि समितीवर यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून सर आले.

एका सहकाऱ्याने पहिल्याच बैठकीत शंका काढली, की हे सगळं बाहेरच्या साइटवर फुकटात टाकता येत असताना इथे खटाटोप कशाला? सर म्हणाले, "धरणाचं पाणी येते ना भाऊ, पण कवा सोडाचं ते धरणवाला ठरवते. आपली विहीर खंदू." त्या दिवसापासून सर्व्हर म्हणजे विहीर झाली. बफरिंग म्हणजे काय ते शिपायाला समजावताना मी घामाघूम झाले होते. सरांनी एका वाक्यात सांगितलं, विहिरीचं पाणी थेट वाफ्यात सोडत नाहीत, आधी हौदात घेतात. पडद्यावर चक्र फिरतं म्हणजे हौद भरून ऱ्हायला, थांब जरा.

सर्व्हरला गार खोली लागते. प्राचार्यांची केबिन सोडली तर एसी एकाच खोलीत होता, बियाणं साठवायच्या. तिथेच ज्वारी-तुरीच्या बरण्यांच्या रांगेत मशीन बसलं. उंदरांनी दोनदा वायर खाल्ली. दोन्ही वेळा सरांनी वायरीआधी उंदराची पाहणी केली आणि मी त्यांच्यावर खेकसले.

होस्टेलपर्यंत केबल गेली, वर्गांतून पडदे लागले, माझ्या हिशेबाने काम संपलं. सरांच्या हिशेबाने ते सुरूही झालं नव्हतं. त्यांना ते फाट्यापर्यंत न्यायचं होतं. फाट्यावर एसटीची वाट बघत तासन्‌तास शेतकरी बसलेले असायचे, आणि एव्हाना बऱ्याच जणांच्या हातात स्वस्तातले का होईना, व्हिडिओ चालणारे फोन आले होते. नेटपॅकचा खर्च नको, आपल्या विहिरीचं पाणी तिथे सोडायचं. त्यांनी पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवून घेतली आणि या सोयीचं नाव ठेवलं 'पाट'. मला नाव आवडलं. पाणी वाहतं तो पाट, दृश्य वाहतं तोही पाट. मी कौतुकाने मान डोलावली, आणि सरांनी स्वतःच्या अक्षरात फाट्यावर नोटीस लावली: "येत्या सोमवारपासून महाविद्यालयात पाट सुरू. इच्छुकांनी यावे. सोबत मोबाईल आणावा."

सोमवारी दोन माणसं आली. एक पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी. दुसरे त्यांचे मामा. मामांनी माझ्या टेबलासमोर बसून दबक्या आवाजात विचारलं, "बाई कुठल्या गावची व्हय? लेकरंबाळं हायेत का तिले?" मला काही उमगेना. शिपाई हसत हसत बाहेर पळाला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की विधवेचं दुसरं लग्न लावतात त्यालाही पाटच म्हणतात. सरांनी मात्र चेहरा जराही हलू दिला नाही. दोघांना चहा पाजला, त्यांच्या फोनवर तुरीच्या मर रोगाचा व्हिडिओ लावून दिला आणि जाताना त्या पांढऱ्या सदऱ्याला म्हणाले, "योग आला की कळवतो." पुढे तो गृहस्थ दर आठवड्याला व्हिडिओ बघायला यायला लागला. त्याचा योग आला की नाही, मला ठाऊक नाही.

आता आमच्या भांडणाचं सांगते. पहिल्या व्हिडिओला मी झकास शीर्षक दिलं होतं: 'कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन.' आठवडा गेला, फाट्यावर एकाही माणसाने तो उघडला नाही. सरांनी मला काही न विचारता शीर्षक बदलायला लावलं: 'पऱ्हाटीचं फूल मिटूनच ऱ्हायलं, उमलत काऊन नाही?' मी म्हटलं, "सर, हे विद्यापीठाच्या नावावर जातंय. 'काऊन' कशाला, 'का' लिहा. निदान भाषा तरी शुद्ध नको का?"

त्यांनी खिशातून वही काढली. लाल कापडी बांधणीची, रबर लावलेली. डाव्या पानावर प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, गाव. उजव्या पानावर उत्तर. अशा वह्या त्यांच्याकडे नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच्या होत्या. प्रश्न जसा तोंडातून आला तसा उतरलेला, अडखळण्यासकट.

"शेंग टरफलासकट घ्याची मॅडम," ते म्हणाले. "तुमी प्रश्न सोलून टाकला त ज्याचा व्हय त्याले तो वळखू येत नाही."

मी रागारागात शीर्षक बदललं. दोन दिवसांत तो व्हिडिओ फाट्यावर इतक्यांनी उघडला की हौद पुरेना, चक्र फिरायला लागलं. मग मी शोधायच्या चौकटीवरचं 'येथे शोधा' पुसून तिथे 'काय विचाराचं हाय?' असं लिहिलं. लोक मराठीत लिहायचे, इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि सर्व्हर त्या प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवायचा. सर रोज सकाळी ती नोंद पेपर वाचल्यासारखी वाचत.

त्यांचे आणखी दोन नियम होते. व्हिडिओवर सांगणाऱ्याचं नाव येणार नाही, विचारणाऱ्याचं येईल. आणि ज्याचा प्रश्न असेल त्याला व्हिडिओ आधी दाखवायचा, त्याने मान हलवली तरच पाटात सोडायचा. या दुसऱ्या नियमापायी मी लॅपटॉप घेऊन शेतांचे किती बांध, इकडे त्यांना धुरे म्हणतात, तुडवले त्याला गणती नाही. कॅमेऱ्यासमोर ते स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे, कारण त्यांना झाडाशी बोलायची सवय. मी ओरडायचे, "सर, इकडे!" ते वळायचे, दोन वाक्यं बोलून पुन्हा पऱ्हाटीकडे तोंड करायचे.

मग ते वर्ष आलं. बीटी कपाशीचं बियाणं आल्यापासून लोक बोंडअळी विसरले होते. बीटीवर अळी येत नाही, हे सगळ्यांचं पाठ झालेलं. वावरात चार फुलं मिटलेली दिसली तर व्हिडिओ बघत आणि सोडून देत. सर मात्र आधीची दोन वर्षं काडेपेटीतून गुलाबी अळ्या आणून दाखवत होते आणि लोक त्यांच्या शेजारची खुर्ची टाळत होते. त्या साली शिवारभर फुलं मिटलेली दिसू लागली, गुलाबाच्या कळीसारखी. त्याला डोमकळी म्हणतात. आत अळी बसलेली असते. नंतर बोंडं धरली ती वरून टणक, हिरवीगार, आणि फोडली की आत सगळं खाल्लेलं. फाट्यावर माणसं फुटक्या बोंडांचा ओंजळभर ढीग बाकावर ठेवून फोनकडे बघत बसायची. एसटी येऊन निघून जायची तरी उठायची नाहीत. मला तिकडून जाताना मान वर करवत नसे.

त्याच दिवसांत सरांनी एक जुनी वही माझ्यापुढे ठेवली. बीटी नवीन आलं तेव्हाची. मोताळ्याकडच्या एका गावातली सभा. डाव्या पानावर लिहिलं होतं: "सर, मोठ्या पुडीत हे लहान पुडी कायची व्हय? हमीदाबी." उजव्या पानावर सरांच्या अक्षरात: "नाही लावली तरी चालते."

"माह्याच हाताचं व्हय," सर म्हणाले.

मला पुडीचं ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं. बीटीच्या पाकिटात साध्या सरकीची एक लहान पुडी असायची. ती वावराच्या कडेने लावायची, अळीला खाऊ द्यायची. "अळीले एक घर मोकळं ठेवा, म्हंजे ते तुमच्या घरात घुसाले शिकत नाही. साध्या झाडावरची अळी साधीच ऱ्हायते, आन्‌ तिचं लगन इकडच्या, बीटी पचवणाऱ्या तिखट अळीशी लागलं त पिढी मवाळ होते." लोकांनी ती पुडी फेकली. वर्षानुवर्षं फेकली. "भरल्या सभेत बाई इचारून ऱ्हायली, आन्‌ मले एसटी पकडाची होती मॅडम. म्हणून म्हटलं, नाही लावली तरी चालते."

मी म्हटलं, "सर, अख्ख्या मुलखाने फेकली. एका तुमच्या वाक्याने काय होणार?"

"अख्ख्याचं मले माहीत नाही. त्या सभेत मी होतो."

त्यांनी व्हिडिओ केला. पहिल्यांदाच झाडाकडे पाठ आणि तोंड कॅमेऱ्याकडे. आधी हमीदाबींचा प्रश्न वाचला, मग म्हणाले, "याचं उत्तर मी चुकीचं देल्लं होतं," आणि मग पुडीचं सगळं सांगितलं.

प्राचार्यांनी तो माझ्या स्क्रीनवर पाहिला आणि आधी खोलीचं दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची मंडळी ही सोय बघायला येणार होती. "महाविद्यालयाच्या मशीनवरून महाविद्यालयाची चूक जाहीर करायची? सर, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय, डाग कशाला लावून घेता? आणि मॅडम, तुमचं कंत्राट मार्चमध्ये माझ्याच सहीने वाढतं, लक्षात आहे ना?" माझ्या लक्षात होतं.

सर शांतपणे म्हणाले, "अजून पाटात सोडला नाही सर. जिचा प्रश्न व्हय तिले आधी दाखवू. ते म्हणे तसं करू."

बुलडाण्याला गाडी बदलून आम्ही गेलो. वाटेत सरांनी एकदाही काडेपेटी उघडली नाही. हमीदाबी अंगणात सरकी वेचत होत्या. वाळलेल्या अंगाच्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांचा दीर ओट्यावर बसलेला. सरांना दोघांनीही ओळखलं नाही. सरांनी वही उघडून प्रश्न वाचून दाखवला, तरी बाईंना आठवेना. मी लॅपटॉप सुरू केला. दोघांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला. "चुकीचं देल्लं होतं" या वाक्याला सरांनी नजर खाली घातली.

हमीदाबी हसल्या. "मंग? मी कुठी फेकली?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बी व्हय ना ते. बी फेकतेत का कोणी? धुऱ्याच्या कडीनं दोन ओळी लावत होती मी दरसाली. अळी त माह्याबी वावरात आली औंदा, पण पुडी काई मी फेकली नाही."

"हमीदाबी," सर म्हणाले, "मंग तुमी मले तवाच काऊन नाही सांगतलं, का मी लावतो म्हणून?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी त उत्तर देऊन मोकळे झालते."

सरांनी वही काढली आणि हे वाक्य डाव्या पानावर उतरवून घेतलं. मला वाटलं, चला, ओझं उतरलं, आता परतू. पण हमीदाबींनी हात दिराकडे केला. "मी नाही ऐकलं तुमचं. ह्याइनं ऐकलं. ह्याइनं, आन्‌ त्या बाजूच्या गल्लीनं."

दीर ओट्यावरून म्हणाले, "साहेबानं म्हटलं त आमी फेकली. नाहीतं काऊन फेकली असती?" आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते ऐकवेना.

"मले काय दाखवून ऱ्हायले सर," हमीदाबी म्हणाल्या. "मंडळीले दाखवा."

परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बुलडाण्याचा घाट चढताना एकदाच म्हणाले, "तुमी इचारलं कुठी." त्यांच्या गालांवर पाणी होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही आणि सांगायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी व्हिडिओच्या शेवटी हमीदाबींनी लावलेल्या त्या दोन ओळींचंही सांगितलं आणि मी तो पाटात सोडला. शीर्षक: 'मोठ्या पुडीत हे लहान पुडी कायची व्हय?' विचारणाऱ्या: हमीदाबी. पहिल्या पानावरच्या यादीत मात्र तो घेतला नाही. तेवढी भित्री मी होतेच.

प्राचार्य पाहणीच्या आदल्या दिवशी आले. "तो काढलात ना?" मी म्हटलं, "तुम्हीच बघा ना सर," आणि खुर्ची सोडली. त्यांनी शोधायच्या चौकटीत त्या पुडीतल्या बियाण्याचं पुस्तकी नाव लिहिलं, 'आश्रय पीक'. काही नाही. 'रेफ्युजी बियाणे' लिहिलं. काही नाही. मग सरांचं नाव लिहिलं. सांगणाऱ्याचं नाव आमच्याकडे लावायचंच नाही, त्यामुळे तेही रिकामं. "छान," म्हणाले आणि गेले. पुडीला लहान पुडी म्हणायचं त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. फाट्यावरच्या लोकांना मात्र दुसरं काही म्हणता येत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीच्या वेळी चक्र फिरायला लागलं, आणि बियाण्याच्या खोलीत सर मशीनवर हात ठेवून उभे होते. "हौद भरून ऱ्हायला," म्हणाले.

निवृत्त होऊन ते मेहकरला गेले. जाताना चालू वही मला दिली, अर्धी कोरी. छत्रीही देत होते, मी घेतली नाही. आता वाटतं, घ्यायला हवी होती.

मध्ये बरीच वर्षं गेली. नेट स्वस्त झालं, ज्याच्या त्याच्या हातात आलं. विहीर कोणाला नको झाली. व्हिडिओ बाहेर हलवले, अँटेना गंजली, आणि यंदा मशीन भंगारात काढायचा कागद माझ्याच टेबलावर आला. सही करण्याआधी मी ते एकदा सुरू केलं आणि सरांसारखी प्रश्नांची नोंद वाचत बसले. अगदी शेवटची ओळ होती: "लाहान पुडीवाले सर कुठी हायेत आता दिसत नाहीत."

मी वही काढली. डाव्या पानावर प्रश्न उतरवला, टरफलासकट. विचारणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवावी लागली. उजव्या पानावर लिहिलं: "मेहकरला होते. मागच्या उन्हाळ्यात वारले. पुडीचं त्यांनी सांगितलं ते खरं आहे." मग नियम आठवला, की उत्तर आधी त्याला दाखवायचं. म्हणून फाट्यावर माझ्या अक्षरात नोटीस लावली: "लहान पुडीवाले सर कुठी हायेत, असं ज्यानं इचारलं व्हतं, त्यानं कालेजात मॅडमले भेटावं. उत्तर हाय."

सोमवारी चार जण आले. एक तेच पांढऱ्या सदऱ्यातले, आता म्हातारे झालेले, आणि एक बाई व दोन पुरुष, तिघंही मी कधी न पाहिलेले. चौघंही म्हणाले, "मीच इचारलं होतं."